तेवीस सेंटिमीटर

आजी खोकली आणि माझ्या डोक्यात खट्‌कन काहीतरी लागलं. तसं झालं काहीच नव्हतं. सुपरमार्केटमध्ये रिकाम्या बाटल्या परत करायच्या मशीनसमोर आमचा नंबर चौथा होता. पुढचा माणूस पोतंभर कॅन घेऊन आलेला, एकेक आत सरकवतोय, मशीन एकेक परत बाहेर ढकलतंय, तो परत सरकवतोय. असल्या वेळी मला कोणालातरी गुद्दा हाणावासा वाटतो. छतातल्या स्पीकरमधून लायटवेर्कचं गाणं चालू होतं. लायटवेर्क म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचा बँड. धड अल्बम एकच केला त्यांनी, 'हाइत्सराउम', म्हणजे बॉयलरची खोली, इथे बर्लिनमध्येच, एका लाँड्रीच्या तळघरात बॉयलरशेजारी बसून, आणि तो एक अल्बम इथे प्रत्येकाच्या बापाकडे असतो. त्याच्या दुसऱ्या बाजूचं लांब गाणं, सतरा मिनिटांचं. रेडिओवाले त्यातली चारच मिनिटं लावतात, पण ती जागा ठेवतात. ती जागा म्हणजे, ड्रमवाला उवे एकच तुकडा तीनदा वाजवत चढत जातो, सिंबलवर दाणकन उतरतो, आणि मग गाणं एक पाऊल जास्त टाकतं. एकच. जिना संपलाय हे पायाला कळलेलं नसतं आणि तो अजून एक पायरी शोधतो ना, तसं. सगळे तिथे अडखळतात आणि सगळ्यांना तेच आवडतं. आजी तिथेच खोकली. बरोब्बर तिथे. आणि मला आठवलं की मागच्या महिन्यात मी किचनमध्ये फोनवर हेच लावलं होतं तेव्हाही ती खोकली होती. आणि वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याच्या खिडकीतून ऐकू आलं तेव्हाही. तिला सर्दी नाही, दमा नाही, औषधांची डबी मीच भरते, त्यात खोकल्याचं काही नाही.

मला असं काही दिसलं की मग ते सोडता येत नाही. आई म्हणते, तुझे डोळे पोलिसाचे आणि जीभ भांडखोर, अभ्यासाला यातलं काहीच लागत नाही. घरी आल्यावर आजी बटाटे सोलायला बसली आणि मी मागे उभी राहून, न सांगता, फोनवर ते गाणं त्या जागेच्या थोडं आधी लावलं. उवे चढला. एक, दोन, तीन. सिंबल. आजी खोकली. सुरी थांबली सुद्धा नाही.

"आजी, तू तिथे का खोकतेस?"

"कुठे?"

"तिथे. नेहमी. चौथ्यांदा पकडलंय मी तुला."

ती बटाट्याची साल एका सलग लांब पट्टीत काढते, तुटू देत नाही. ती पट्टी तिने पूर्ण काढली, ताटलीत गोल ठेवली, मग म्हणाली, "ऐकू येऊ नये म्हणून."

"काय?"

"माझी चूक आहे ती. चल, कांदा दे."

कांदा दे! मी तिच्या घरी सात महिने राहतेय. त्याआधी रेगेन्सबर्गला, बाबांचा कारखाना, आईचं ऑफिस, माझी शाळा म्हणजे गिम्नाझियम, अकरावी. आता मोआबिटमध्ये, आजीच्या दीड खोलीत, हॉलमधल्या सोफ्यावर. दर रविवारी बाबांचा फोन येतो. माझ्याशी ते बोलत नाहीत. "आई, तिला विचार पत्र मिळालं का," असं आजीला सांगतात, मी समोर बसलेली असते, आजी फोन हातात धरून मला विचारते, मी मान हलवते, आजी त्यांना सांगते. पत्रं शाळेची असतात, नाहीतर कुठल्यातरी आम्टची, सरकारी कचेरीची. मी ती न फोडता ब्रेडच्या डब्यात ठेवते. ड्रम्स रेगेन्सबर्गलाच राहिले, ते माझे नव्हतेच, शाळेचे होते, शाळा सुटली तसे ते सुटले. इथे मी दोन काठ्या घेऊन उशीवर वाजवते. सात महिन्यांत हे एकच गाणं बसवलंय, सतराच्या सतरा मिनिटं, आणि त्यात एकच जागा आहे जिथे मला मोजावं लागत नाही. सगळे अडखळतात तिथे मी अडखळत नाही. माझा पाय आपोआप ते जास्तीचं पाऊल टाकतो, जसं काही मी जन्मल्यापासून अशीच चालतेय. तर ती जागा म्हणजे आजीची चूक. कांदा दे.

मग तिने सांगितलं. एकदम नाही, तुकड्यातुकड्यांनी, तीन-चार दिवस लावले. मी ओरडले की गप्प व्हायची, मी गप्प बसले की पुढे. मला माहीत होतं की ती रेडिओत होती. मी समजत होते टायपिंग वगैरे. नाही. कुंदा आजी कटरिन होती, म्हणजे टेप कापणारी. आजोबा शिकायला आले एकाहत्तर साली, ही मागून आली, मिरजेत सहा वर्षं गाणं शिकलेली, जर्मन येत नाही, पण कान असा की रेडिओवाल्यांनी परीक्षा घेतली आणि ठेवून घेतली. तेव्हा टेप कापायचं काम बायकांचं. बटणं पुरुषांची, ब्लेड बायकांचं. पांढरे कोट घातलेल्या बारा बायका ओळीत बसायच्या, गळ्यात टेपचे तुकडे लोंबतायत, कोणता तुकडा कोणाचा ते फक्त त्या त्या बाईला माहीत. भाषणातला खोकला कापायचा, मंत्र्याचा 'अं' कापायचा. "किती 'अं' कापले असतील मी," आजी म्हणाली, "सगळे जोडले तर म्युनिकपर्यंत जातील." टेप सेकंदाला अडतीस सेंटिमीटर पळते. हाताने रीळ पुढे-मागे फिरवायचं, आवाज गाईसारखा हंबरतो, त्या हंबरण्यात शब्द कुठे सुरू होतो ते ओळखायचं, पिवळ्या पेन्सिलने रेघ मारायची, पितळी खाचेत टेप ठेवून तिरकं कापायचं, पाठीमागून पांढरी पट्टी लावून जोडायचं. झालं. कोणाला कळता कामा नये की तिथे कोणी होतं.

लायटवेर्कचा साउंडवाला रेडिओतलाच, तो हिला दोन आठवडे सुट्टी टाकायला लावून तळघरात घेऊन गेला. तिथे बॉयलर बंद करता येत नव्हता कारण वर लाँड्री चालू. गिटारच्या तारा दर पाच मिनिटांनी उतरायच्या. उवे बादलीत पाय बुडवून वाजवायचा, एका वेळी एकच पाय. गाणारा फोल्कर सारखा सिगरेटी मागायचा आणि स्वतःच्या ओढायचा नाही. हिला फ्राउ के म्हणायचे, आडनाव कोणाला जमत नव्हतं. आणि त्या उकाड्यात सतरा मिनिटं सलग वाजवणं कोणाला झेपेना. सहा वेळा केलं. दुसऱ्या वेळी अर्ध्यापर्यंत जीव तोडून वाजलं आणि मग गिटार फसली. पाचव्या वेळी सुरुवात भिकार आणि उत्तरार्ध सोन्यासारखा. म्हणजे काय करायचं, दुसऱ्याचा पूर्वार्ध आणि पाचव्याचा उत्तरार्ध. मधे आजी.

"उवेनं ते तीनदा घेतलं ना," ती टेबलावर बोटांनी दाखवत होती, अंगठा एकेका पेरावर, "मला एकदम बरं वाटलं. म्हटलं, अगं, हा तर तिहाई घेतोय! कोणी शिकवली नव्हती त्याला, हाताला आली ती घेतली. आणि उतरला समेवर, काय उतरला. मी त्याची सम त्याच्याजवळ ठेवली आणि कापलं. मग पुढचा तुकडा जोडला. आणि त्या पुढच्या तुकड्याची स्वतःची पहिली मात्रा होतीच."

मला कळायला दोन सेकंद लागले. इथले लोक एकपासून मोजतात. एक म्हणजे सुरुवात. ते एकच्या आधी कापतात. आजीसाठी एक म्हणजे जिथे पोचायचं ते. ती पोचल्यावर कापणार. म्हणून एक दोनदा आला.

"तेव्हा कळलं नाही?"

"चौदा तास ऐकत होते गं. सगळेच झोपेत. दुसऱ्या दिवशी टेप गेली. रेकॉर्ड आली तेव्हा घरी लावली, तुझे आजोबा वा वा करतायत, मी मोजतेय. सतरा मात्रा झाल्या. सोळाच्या सतरा." ती थांबली. "मी सोमवारी गेलेच नाही कामावर."

"म्हणजे? त्यांनी काढलं?"

"कोणी काही बोललं नाही. मीच गेले नाही. तुझा बाबा, राजन, पोटात होता, सगळ्यांना वाटलं म्हणून सोडलं. मी पण तेच सांगितलं."

आणि मग त्या फोल्करने पन्नास वर्षं मुलाखतीत सांगितलं की ते अडखळणं त्याला सुचलं, हृदय असं अडखळतं, प्रेमात वगैरे. मी वाचलंय ते, मी त्याच्यावर विश्वास ठेवला होता, मला इतका राग आला की मी काठी उशीवर हाणली आणि उशी फुटली. पिसं. आजी म्हणाली, "उचल आता." मी म्हटलं, तू सांगत का नाहीस लोकांना! नाव का नाही टाकायला लावत! ती म्हणाली, "चुकीवर नाव कोण टाकतं?" आणि पिसं उचलता उचलता मला वेगळंच आठवायला लागलं, जे मी आठवत नाही. इतिहासाचा तास, माझं रेफरात म्हणजे वर्गासमोरचं भाषण, सत्तावीस जण, पडद्यावर माझी स्लाइड, आणि मी एक साल चुकीचं बोलले, शंभर वर्षांनी चुकीचं, आणि वर्ग हसला. ते चालतं. मीही हसते लोकांना. पण बाई म्हणाल्या, "माख्ट निष्ट्स, मैथिली, माख्ट निष्ट्स," काही हरकत नाही, इतक्या मऊ आवाजात, जसं काही मी आजारी आहे. मी प्रोजेक्टरची वायर ओढली आणि बाहेर पडले. जॅकेट तिथेच राहिलं. नोव्हेंबर होता. बसपर्यंत मी असा विचार करत गेले की उद्या जाईन. दुसऱ्या दिवशी वाटलं की सोमवारी. आई-बाबांना मी सांगितलं की शाळेचा कंटाळा आलाय, सिस्टिम वाईट आहे, मला म्युझिक करायचंय. सगळं खरंच आहे ते. पण ते नाही.

तर गुरुवारी दुपारी आम्ही निघालो. कारण अजून एक गोष्ट तिने लपवली होती. यॉर्न नावाच्या माणसाचं पत्र. तो 'हाइत्सराउम' नव्याने काढतोय, पन्नास वर्षांनिमित्त, मूळ टेपवरून. टेप मशीनवर चढवली आणि त्या एका जागी ती सुटली, पट्टीचा गोंद वाळून गेला होता. सतरा मिनिटांचे दोन तुकडे. टेपच्या डब्यावर श्निटच्या, म्हणजे कापणाऱ्याच्या, रकान्यात नाव नव्हतं. त्याने रेडिओच्या जुन्या बायकांना विचारत विचारत आजी शोधली. त्याला स्वतःला जोडता आलं असतं, पण त्याने लिहिलं होतं, ज्यांचा जोड आहे त्यांनी यावं, मला आनंद होईल. भुयारी रेल्वेने, आधी यू-नऊ, मग कुर्फ्युर्स्टनडामला यू-एक. क्रॉइत्सबर्गमध्ये गाडी पुलावर चढते तेव्हा आजीने पर्समधून एक छोटी डबी काढली. आत पिवळी पेन्सिल, बोटभर उरलेली, आणि कागदात गुंडाळलेलं ब्लेड.

"हात थरथरतात माझे. तू कापशील."

"कापायचं कुठे? जोडायचंय ना."

"जोडायच्या आधी तेवीस सेंटिमीटर काढायचेत."

मी तिच्याकडे बघत राहिले. समोर बसलेला मुलगा माझ्याकडे बघत राहिला, मी त्याला जर्मनमध्ये विचारलं काय आहे, तो खाली बघायला लागला.

"यॉर्नला सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात? माझं काम राहिलंय ते पुरं करते. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, परत कोण बोलावणार आहे मला?"

"आजी, जगात सगळ्यांना ती जागा माहितीये!"

"सगळ्यांना माझी चूक माहितीये. तेच म्हणते मी."

स्टुडिओ हिंटरहोफमध्ये, म्हणजे इमारतीमागच्या चौकात, सायकलींच्या ढिगाऱ्यातून वाट काढत. यॉर्न पन्नाशीचा, लोकरीचे मोजे, बूट नाहीत. त्याने आजीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडेना. मला म्हणाला, तू नात का, मी म्हटलं गेनाऊ, बरोबर. खोलीत मोठं मशीन, त्याच्यावर दोन रिळं, आणि मधे टेपची दोन टोकं नुसती लोंबत होती. मला वाटलं होतं काहीतरी भारी दिसेल. तपकिरी पट्टी, बोटाएवढीही रुंद नाही. आजीने कोट काढला, खुर्ची पुढे ओढली, आणि काय सांगू, तिची पाठच बदलली. भाजी घेताना वाकते ती ही बाई नव्हे. "तुमचा चहा कुठेय?" ती यॉर्नला म्हणाली. तो धावत गेला. हे तिने मुद्दाम केलं, मी बघितलं.

मग तिने पहिला तुकडा मशीनच्या हेडवर चढवला, रिळांवर दोन तळवे ठेवले आणि फिरवायला लागली. थरथर कुठे गेली माहीत नाही. हंबरणं. पुढे, मागे. हूंऽऽ, घूंऽऽ, मधे एक ठोका, तो उलटा, तो सुलटा. माझ्या पायाने ओळखलं आधी, कानाने नंतर. उवे चढतोय, इतका हळू की प्रत्येक ठोका म्हणजे सोफा सरकवतायत. आजीने सिंबल जिथून सुरू होतं तिथे थांबून, त्याच्या जस्ट आधी, पेन्सिलने रेघ मारली. रेघेच्या पुढे उरलेला तुकडा माझ्या वितीपेक्षा थोडा जास्त. तो तिने पितळी खाचेत बसवला आणि ब्लेड माझ्यासमोर धरलं.

"काप."

"नाही."

"मैथिली."

"मी नाही कापणार! तुला लाज वाटते म्हणून तू सगळ्यांचं... ते माझं आहे! मला दुसरं काही येत नाही, तेवढं एक येतं, आणि तू ते—" माझा आवाज कुठे गेला होता मला माहीत नाही, बाहेर कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आवाज खाली." ती मला रागावली नाही, ते जास्त वाईट. "माझी चूक तुला आवडते म्हणून मी ती आयुष्यभर ऐकायची का?"

मी तिच्या हातातून ब्लेड घेतलं. मला दिसत होतं की तिच्या डोळ्यांखालची कातडी किती पातळ झालीये, आणि तिच्या तर्जनीवर एक बारीक पांढरी रेघ आहे, कधीतरी कापलेलं, मी रोज तो हात बघते आणि ती रेघ कधी बघितली नव्हती. मी ब्लेड खाचेत ठेवलं. तिरकं. पिवळ्या रेघेवर. सोमवारी गेलेच नाही, असं तिने सांगितलं होतं, आणि मला वाटलं की मी हे कापलं तर तिचा तो राहिलेला सोमवार पुरा होईल, आणि मग माझा तेवढा व्हायचा राहील.

"थांब," आजी म्हणाली. "एकदा ऐकू दे. रेघेपर्यंत."

तिने टेप परत हेडवर घेतली, तळवे रिळांवर. उवे चढला. एक. दोन. तीन. रेघ आली आणि तिचे हात थांबले नाहीत. सिंबल वाजलं, मग थांबले. "छे," ती म्हणाली. परत मागे. एक, दोन, तीन, रेघ, आणि परत पलीकडे. मी बघत होते, ती मुद्दाम करत नव्हती. तिसऱ्या वेळी तिने ओठ घट्ट दाबले, हात आवळले, आणि कशीबशी रेघेवर थांबली. तीनदा चढून उवे हवेत उभा राहिला. खोलीत काहीच नाही. बॉयलर नाही, लाँड्री नाही. आजीने रिळांवरचे तळवे उचलले.

"उतरूच दिला नाही मी त्याला," ती म्हणाली.

"पुढच्या तुकड्यात आहे ना उतरणं. पाचव्यातलं. तूच सांगितलंस." मी हे का म्हणाले मला माहीत नाही. मला न्याय करायचा होता बहुतेक.

"ते दुसऱ्या दिवशीचं. त्या दिवशी तो वेगळा चढला, वेगळा उतरला. ह्या दिवशी इतका घाम गाळून हा चढलाय, पाय बादलीत, आणि उतरायला दुसऱ्याची सम?" ती माझ्याशी बोलत नव्हती. "नाही तोडवत गं इथे. तेव्हाही हेच झालं होतं. मी मोजायला विसरले नव्हते. मोजलं होतं मी. हात पुढे गेला."

तिने अंगठा जिभेला लावला आणि पिवळी रेघ पुसून टाकली. ते तर करायचं नसतंच, थुंकी टेपला, यॉर्नने बघितलं असतं तर मोज्यातच कोसळला असता. मग म्हणाली, "चिकटव. पांढरी पट्टी, पाठीमागून. नखानं दाब, हवा राहू देऊ नकोस." मी चिकटवलं. नखाने दाबलं.

यॉर्न तीन कप घेऊन आला, एकाची बशी चहाने भरलेली. त्याने जोडावरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. मग गाणं लावलं, त्या जागेच्या मिनिटभर आधीपासून, मोठ्या स्पीकरवर. याच्यापुढे सुपरमार्केटमधलं काहीच नाही. उवेच्या बादलीतलं पाणी ऐकू येतं, खरंच, ठोक्याच्या आधी एक बारीक छप्प. मी खुर्ची वळवली आणि आजीच्या गळ्याकडे बघायला लागले. तिथे एक शीर आहे, खोकायच्या आधी ती हलते, मला आता माहीत झालंय. एक. शीर हलली नाही. दोन. तिने कप उचलला, ओठांपर्यंत नेला नाही. तीन. सिंबल. ती नुसती बसून होती, तोंड थोडं उघडं, एखादी बाई दार उघडून कोण आलंय बघते तशी. मग गाणं खूप पुढे निघून गेलं होतं, आणि मला कळलं की तिच्या गळ्याकडे बघण्याच्या नादात ती जागा मी ऐकलीच नाही.

"परत लावा," मी यॉर्नला म्हटलं. "बिट्टे, प्लीज. परत."

"आता नको," आजी म्हणाली. "डबा कुठेय ह्याचा? नाव टाकायचं राहिलंय."